शेळी न शिवे तो अडुळसा

कल्याण-डोंबिवलीकडील जुन्या बैठ्या घरांच्या कुंपणाला अडुळसा असे. कारण साधे: गुरे त्याला तोंड लावत नाहीत. लिनियसने 1753 मध्ये त्याला 'जस्टिशिया अधातोडा' म्हटले. यातील दुसरे पद मूळ तमिळ, अर्थ 'शेळी न शिवे ते'!

शेळीला नकोशी कडू पाने माणसाच्या मात्र कामी आली. आयुर्वेदात 'वासा' या नावाने ती खोकल्यावर आणि दम्यावर दिली जात. 1888 मध्ये हूपर यांनी त्यांतून कडू अल्कलॉइड वेगळे काढले. 'व्हॅसिसीन' या त्याच्या नावातही वासा आहेच. पुढे या रेणूच्या धर्तीवर कफ पातळ करणारे ब्रोमहेक्झिन तयार झाले आणि 1963 मध्ये बाजारात आले. खोकल्याच्या औषधांच्या बाटल्यांवर हे नाव मुलांना शोधायला सांगावे.

व्हॅसिसीनने गर्भाशयही आकुंचन पावते. तेव्हा 'झाडपाल्याने काय होणार?' असे म्हणत गरोदर स्त्रीला अडुळशाचा काढा देणे धोक्याचे आहे.

इमारती आल्या, बरीच कुंपणे गेली. पण अडुळसा कुंडीतही येतो. पावसाच्या आरंभी तीन-चार पेरांची जून फांदी खोचावी. पाणी साचू देऊ नये. आसपासच्या खेड्यांतील एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी शेळी असेल, तर नावाची खातरजमाही होईल.