मराठीची खास चिन्हे आणि यंत्राची कळ

सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपणां मंडळींना दऱ्या म्हणजे काय हे सांगावयास नको. परंतु त्याच शब्दातील ‘र’ उचलून पुढच्या अक्षराच्या माथ्यावर ठेवला की ‘दर्या’ होतो आणि डोंगराच्या जागी समुद्र उभा राहतो. आचार्यांना बोलावले तर गुरुजी येतील, आचाऱ्यांना बोलावले तर स्वयंपाकी. हा आडव्या भुवईसारखा अर्धा ‘र’ हिंदीला लागत नाही. मराठीला त्याच्यावाचून साधे निवेदनही लिहिता येत नाही. शेतकऱ्यांच्या मागण्या, कर्मचाऱ्यांचा बोनस, अधिकाऱ्यांना विनंती! आमच्या धंद्यात पहिल्याच ओळीला ही भुवई लागते. म्हणून यंत्राच्या कळफलकावर ती कशी आली, याचा शोध आम्ही घेत राहिलो.

छापखान्यात जागेची अडचण नव्हती, कष्टांची होती. देवनागरीच्या जुळाऱ्यापुढे खिळ्यांची शेकडो घरे मांडलेली असत. हा पसारा कमी व्हावा म्हणून लोकमान्य टिळकांसारख्या पुरुषानेही डोके खपविले. टंकलेखनयंत्र आले तेव्हा मात्र जागेचीच चणचण पडली. चाळीस-पंचेचाळीस कळा, प्रत्येक कळीवर दोन चिन्हे. एवढ्यात स्वर, व्यंजने, मात्रा, जोडाक्षरे आणि आकडे कोंबावयाचे! तोड अशी निघाली की अक्षरांचे तुकडे करावे: अर्धा ‘ख’ एका कळीवर, काना दुसऱ्या कळीवर, दोन्ही ठोकले की पुरा ‘ख’. मात्रांच्या कळा अशा बसविल्या की त्या दाबल्या तरी गाडी पुढे सरकू नये. १९५५ साली गोदरेजने देशी टंकलेखनयंत्र काढले, आणि पुढे कचेऱ्यांतून व कोर्टाच्या आवारातून मराठीचा खडखडाट ऐकू येऊ लागला. बोटे चालत ती अक्षराच्या आकारावर, उच्चारावर नव्हे.

याच चणचणीपोटी लिपीच बदलावी असेही सुचविले गेले. सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी पुढे आणली, १९५३ च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे नेली, आणि तो निर्णय पुढे मागे घ्यावा लागला. हेतू चांगले होते यात शंका नाही. परंतु यंत्राला सोयीचे व्हावे म्हणून कामगाराचा हात वाकविण्याची रीत आम्ही गिरण्यांच्या इतिहासात पुष्कळ पाहिली आहे. अक्षरांच्या बाबतीतही ती आम्हांस फारशी मानवत नाही.

संगणक आला तेव्हा वाटले, आता चणचण संपली. पण प्रारंभीचे मराठी टंक ही नुसती वेषांतरे होती. शिवाजी काय, कृतिदेव काय, आत साठे ती रोमन अक्षरांची ओळ. पडद्यावर फक्त तिला मराठी अंगरखा. कळफलकावर न मावलेल्या चिन्हांसाठी ऑल्ट ही कळ दाबून धरून चार आकडे ठोकावे लागत. त्या आकड्यांचा कागद टंकलेखकाच्या समोर भिंतीवर डकविलेला असे, आणि त्याच्याशिवाय त्याचे पान हलत नसे. मागण्यांचा असा मसुदा दुसऱ्या गावी पाठवावा, तिथे तो टंक नसावा, आणि कामगारांच्या मागण्यांऐवजी रोमन अक्षरांचा भुसा पडद्यावर यावा, हे आमच्या संघटनेने पुष्कळदा भोगले आहे.

खरा उपाय निराळ्या विचाराने झाला. यंत्राला तुकडे देऊ नयेत, वर्ण द्यावेत; जोडणी त्याची त्याने करावी. कानपूरच्या आयआयटीत आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये हे काम झाले. १९९१ च्या भारतीय मानकात इनस्क्रिप्ट कळफलक आला: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. त्याच वर्षी जगातल्या लिप्यांना एकाच मोजणीत बसविणारी युनिकोड ही व्यवस्था सुरू झाली आणि देवनागरीला १२८ घरांचा गाळा मिळाला. गंमत अशी की त्यात खाली टिंब असलेला ‘ऱ’ ठेवला आहे तो दाक्षिणात्य भाषांतील एका ध्वनीसाठी. त्याला हलन्त केले की आपली भुवई उमटते. म्हणजे मराठीचा हा वारस पाहुण्याच्या खोलीतून घरात शिरला! इनस्क्रिप्टवर शिफ्टसह ‘जे’, मग ‘डी’, मग ‘य’ची कळ, एवढे केले की ‘ऱ्य’ तयार. पण साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह, अशीही दुसरी वाट आहे. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द वाटू शकतात, आणि शोधावयास गेले तर ‘शेतकऱ्यांच्या’ निम्म्या नोंदी हाती लागत नाहीत.

‘ॲ’ला स्वतंत्र घर मिळावयास २००८ साल उजाडले, ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ वर्णमालेत आले. ₹ हे चिन्ह मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले आणि काही महिन्यांतच युनिकोडने त्याला जागा दिली. आज भारतीय इंग्रजी कळफलकावर उजव्या बाजूची ऑल्ट कळ धरून ‘४’ दाबला की ते उमटते. पैशाच्या चिन्हाला वाट फार लवकर सापडते, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

त्याच वर्षी, २९ सप्टेंबरला, आपल्या शहादे तालुक्यातील टेंभली गावी देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. तेव्हापासून माणसाचे नाव यंत्रात कसे उतरते हा पोटाचा प्रश्न झाला आहे. आपल्याकडे घरोघरी वळवी आहेत. तालुक्याचे गाव तळोदे. हा ‘ळ’ हिंदीच्या नित्य वर्णमालेत नाही आणि रोमन लिपीत त्याला ‘ल’हून निराळे अक्षर नाही. नाव रोमनमधून परत मराठीत आणले की वळवीचा वलवी होतो, कधी वाल्वी. आम्ही पाहिलेल्या एका मजूरयादीत एकच माणूस तिन्ही नावांनी तीन ओळींत उभा होता आणि मजुरी तिघांपैकी कोणाच्याच खात्यात जमा नव्हती. वास्तविक इनस्क्रिप्टवर ‘ल’ आणि ‘ळ’ एकाच कळीवर आहेत. मध्ये फक्त शिफ्ट. हल्ली आमचा कार्यकर्ता यादी भरणाऱ्याच्या शेजारी बसतो आणि प्रत्येक नाव त्या माणसाकडूनच मोठ्याने वदवून घेतो.