लाखोळी : भंडारा जिल्ह्याचा आहार आणि लॅथिरिझम

लाखोळी हे वाटाण्याच्या कुळातले रब्बी कडधान्य. शास्त्रीय नाव लॅथिरस सॅटिव्हस. विदर्भात तिला लाख किंवा लाखोरीही म्हणतात, हिंदी मुलखात खेसारी, छत्तीसगडात तिवरा. भंडारा, त्यातून १ मे १९९९ रोजी वेगळा झालेला गोंदिया, आणि चंद्रपूर-गडचिरोली या धानपट्ट्यात हे पीक पिढ्यान्‌पिढ्या घेतले जाते. रोजच्या अन्नातून अपंगत्व कसे येऊ शकते याचे हे ठळक उदाहरण आहे, आणि त्याबद्दल गैरसमजही तितकेच आहेत.

भंडाऱ्याच्या बांध्यांत लाखोळी नांगराविना पेरली जाते. धान कापणीला येण्याच्या सुमारास, जमिनीत ओल असतानाच, उभ्या पिकात बी फेकतात. या पद्धतीला उतेरा म्हणतात. धान निघेपर्यंत खाली लाखोळी उगवून आलेली असते आणि मुरलेल्या ओलीवरच ती पुढे वाढते. खत नको, पाण्याची पाळी नको. बांधीत पाणी साचले तरी ती तगते आणि पावसाने दगा दिला तरी तगते. कोवळ्या शेंड्यांची भाजी होते, दाण्यांची डाळ आणि डाळीचे वडे होतात, उरलेले कुटार जनावरांना जाते. दाण्याच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाहून अधिक प्रथिने असतात. अल्पभूधारकाला याहून स्वस्त कडधान्य सापडणे कठीण.

धोका याच चिवटपणात आहे. दुष्काळात बाकी सगळी पिके जातात आणि लाखोळी उरते. मग गरीब माणूस सकाळ-संध्याकाळ तीच खातो. आहारातला एक-तृतीयांश किंवा त्याहून मोठा वाटा काही महिने सलग तिचाच राहिला, तर काहींना लॅथिरिझम होतो. आधी पोटऱ्या ताठरतात. मग टाच टेकत नाही, पाय एकमेकांत अडकू लागतात. पुढे एक काठी, दोन काठ्या, आणि शेवटी रांगणे. बुद्धी, वाचा, स्पर्शज्ञान शाबूत राहते, पण गेलेली चाल परत येत नाही. तरुण कष्टकरी पुरुषांत हा आजार अधिक दिसतो, स्त्रियांत कमी. म्हणजे बहुधा घरातला कमावता हातच निकामी होतो.

विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ च्या आपल्या पुस्तकात सागर भागातल्या अशा साथीचे वर्णन केले आहे. आजाराला नाव मिळाले ते १८७३ मध्ये, नेपल्सच्या आर्नाल्दो कांतानी या वैद्यकाकडून. रीवा भागात वेठबिगारांना मजुरीच या धान्यात मिळे, आणि तिथे रुग्णांची संख्या मोठी होती. युक्रेनमधल्या वाप्नियार्का छळछावणीत १९४२ च्या सुमारास ज्यू कैद्यांना हेच दाणे खायला दिले गेले आणि शेकडो कैदी लुळे पडले. स्थळे वेगळी, काळ वेगळा. खाणाऱ्याला दुसरे काही निवडता येत नव्हते, ही गोष्ट मात्र सगळीकडे एकच.

अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत १९६१ मध्ये ४४-अ हे कलम आले आणि खेसारीच्या विक्रीबंदीचा मार्ग खुला झाला. अंमल केव्हा करायचा हे राज्यांवर सोपवले होते. महाराष्ट्राने बंदी लागू केली, काही राज्यांनी केली नाही. दाण्यातले विषद्रव्य तेव्हा ओळखलेही गेले नव्हते. ते १९६४ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा आणि पी. एस. शर्मा यांनी वेगळे काढले. त्याला संक्षेपाने ओडॅप म्हणतात. बंदी विक्रीवर होती, पेरणीवर नव्हती. त्यामुळे शेतकरी पिकवत राहिला, घरी खात राहिला, पण उघड बाजार आणि रास्त भाव त्याला मिळाला नाही. हरभऱ्याच्या बेसनात मिसळून नफा कमावणाऱ्यांचे मात्र फावले. नागपूरच्या अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंटचे शांतिलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला, उपोषणे केली.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूरच्या गावांत पाहणी करून २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लाखोळी अनेक घरांत खाल्ली जात होती, रुग्ण मात्र थोडे होते. यात आश्चर्य नाही. भाताच्या ताटात डाळ म्हणून येणारी लाखोळी वेगळी आणि तिच्यावरच दिवस काढणे वेगळे.  

डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकले, किंवा भरपूर पाण्यात उकळून वरचे पाणी काढून टाकले, की ओडॅपचा मोठा भाग निघून जातो. सोबत धान्य असले तर आणखी बरे, कारण लाखोळीत कमी असलेली गंधकयुक्त अमिनो आम्ले धान्यातून मिळतात. हे ज्ञान पोचवणे बंदीपेक्षा सोपे होते, तरी त्यावर भर कमीच राहिला.

रतन, प्रतीक आणि महातिवरा हे कमी ओडॅपचे वाण आता उपलब्ध आहेत. त्यांतले प्रमाण ०.१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते; जुन्या वाणांत ते कितीतरी पट जास्त आढळते. याच वाणांच्या आधारावर जानेवारी २०१६ मध्ये तज्ज्ञ समितीने बंदी उठवण्याची शिफारस केल्याचे जाहीर झाले. पण मधमाश्यांमुळे लाखोळीत परपरागीभवन होते आणि शेजारच्या बांधीतल्या जुन्या वाणाचा गुण नव्या बियाण्यात उतरतो. पाण्याचा ताण पडला किंवा जमिनीत जस्त कमी असले तरी ओडॅप वाढते. म्हणून एकदा वाटलेले बियाणे पुरत नाही, ते ठरावीक काळाने बदलावे लागते आणि दाणे तपासावे लागतात.