धर्माच्या गाईचे दात

'चॅरिटी शॉप' या इंग्रजी शब्दजोडीला मराठीत चांगला प्रतिशब्द नाही. 'धर्मादाय दुकान' म्हणून पाहावे तर ते कानाला खटकते. आपल्याकडे धर्मादाय असतो तो दवाखाना, पाणपोई नाहीतर अन्नछत्र. दुकानात धर्म नसतो आणि धर्माला गल्ला नसतो, अशी आपली जुनी समजूत. 'धर्माची गाय आणि दात का नाय' या म्हणीत ती नेमकी आली आहे. फुकट मिळालेल्या गाईचे दात मोजायचे नसतात. तो हक्क बाजारात पैसे टाकणाऱ्याचा. इंग्लंड-अमेरिकेत गेल्या सव्वाशे वर्षांत उभी राहिलेली जुन्या वस्तूंची ही दुकाने मला महत्त्वाची वाटतात ती याचसाठी. धर्माच्या गाईचे दात मोजू देण्याचा तो एक मोठा प्रयोग होता. दोन-चार पौंडांत मिळालेला लोकरी कोट हा त्याचा फक्त दर्शनी भाग.

जुने कपडे विकण्याचा धंदा अर्थातच या दुकानांहून फार जुना. गिरण्या येण्याआधी कापड महाग होते. मृत्युपत्रांतून कोट आणि झगे नावनिशीवार वाटले जात, मालकाचे अंगावरून उतरलेले कपडे हा नोकराच्या मोबदल्याचाच भाग असे. लंडनच्या टॉवरजवळ रोझमेरी लेनमध्ये 'रॅग फेअर' भरे, पुढे पेटिकोट लेनचे नाव झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हेन्री मेह्यू या पत्रकाराने लंडनच्या कष्टकऱ्यांची जी तपशीलवार नोंद करून ठेवली, तीत खांद्यावर गाठोडे टाकून गल्लीबोळांतून ओरडत जाणारे जुन्या कपड्यांचे फेरीवाले भेटतात. त्यांत ज्यू बरेच, आयरिशही होते. गाव त्यांच्यावाचून चालत नव्हते आणि त्यांना जवळही करत नव्हते. माल चोरीचा असेल, कपड्यातून रोग येईल, ही शंका कायमची.

या धंद्यात धर्मकार्य शिरले ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. साल्व्हेशन आर्मीचा, म्हणजे १८८२ साली मुंबईत उतरलेल्या आणि मराठीत 'मुक्तिफौज' म्हणून ओळखल्या गेलेल्या संघटनेचा संस्थापक विल्यम बूथ याने १८९० साली दारिद्र्यनिवारणाची एक योजना पुस्तकरूपाने मांडली. सुखवस्तू घरांतून टाकाऊ वस्तू गोळा कराव्यात, बेकारांनी त्या निवडाव्यात, दुरुस्त कराव्यात आणि त्यावर पोट भरावे, हा तिचा एक भाग होता. १९०२ साली बॉस्टनमध्ये एडगर हेल्म्स या मेथडिस्ट पाद्र्याने जवळजवळ हेच प्रत्यक्षात आणले. पुढे 'गुडविल' या नावाने पसरलेल्या या कामात गोणपाटाच्या पिशव्या घेऊन श्रीमंत वस्त्यांतून कपडे जमवले जात. वस्तीतलीच गरीब माणसे ते शिवून-सांधून तयार करत आणि माल फुकट न वाटता स्वस्तात विकला जाई. विक्रीतून शिवणाऱ्यांना मजुरी मिळे. घेणारा गरीबच होता. पण पैसे टाकल्यामुळे त्याला बटण तुटके आहे म्हणता येई, दुसरा दाखवा म्हणता येई, न घेता निघून जाता येई. दान घेणाऱ्याला यातले काहीच करता येत नाही.

यानंतर ऑक्सफर्ड. दुसऱ्या महायुद्धात ग्रीस जर्मनी आणि तिच्या मित्रराष्ट्रांच्या ताब्यात होता आणि ब्रिटिश आरमाराने त्याची नाकेबंदी केली होती. १९४१-४२ च्या हिवाळ्यात तिथे माणसे उपासमारीने मेली. नाकेबंदीतून अन्न जाऊ द्यावे, असा आग्रह धरण्यासाठी ५ ऑक्टोबर १९४२ रोजी ऑक्सफर्डच्या सेंट मेरी चर्चमध्ये काही लोक जमले. त्यांत ग्रीक भाषेचे विद्वान गिल्बर्ट मरी होते, क्वेकर पंथाचे लोक होते. शत्रूच्या ताब्यातल्या माणसांना जेवू घाला, असे आपल्याच सरकारला सांगणारी ही समिती. तिच्या लांबलचक नावातून पुढे 'ऑक्सफॅम' झाले. युद्ध संपल्यावर युरोपातल्या निर्वासितांसाठी कपडे द्या, असे तिने आवाहन केले. खुद्द ब्रिटनमध्ये कपड्यांचे रेशनिंग १९४१ पासून १९४९ पर्यंत चालू होते. कूपन मोजून कपडे घेणाऱ्या लोकांनी गठ्ठेच्या गठ्ठे आणून दिले. १७, ब्रॉड स्ट्रीट या पत्त्यावर १९४७ च्या अखेरीस दुकान झाले, आणि १९४९ मध्ये जो मिटी नावाचा पगारी माणूस ते चालवायला आला. लोक आणून देतील ते विकायचे, असा त्याचा खाक्या. एकदा त्याने जिवंत गाढवही विकले म्हणतात.

बॉस्टन आणि ऑक्सफर्ड यांत वरवर पाहता फरक दिसत नाही, पण इतिहास इथे वळला, असे मला वाटते. बॉस्टनमध्ये धर्म गिऱ्हाईकापर्यंत पोचत होता. ऑक्सफर्डमध्ये गिऱ्हाईक कोणीही चालणार होते. धर्म पोचायचा होता तो दूरदेशी. १९५१ साली या समितीने बिहारमधल्या अन्नटंचाईसाठी मदत पाठवली. एखाद्या प्राध्यापकाने टाकलेला कोट एखाद्या विद्यार्थ्याने घ्यावा आणि त्याचा काही हिस्सा बिहारमध्ये धान्य होऊन पोचावा, अशी ही साखळी. दाता आणि गिऱ्हाईक दोघेही ओळखीच्या गावातले. ज्याच्या नावाने दुकान चाले तो मात्र दुकानात कधी येणारच नव्हता. घेणाऱ्याची लाज त्यामुळे संपली. हळूहळू तिथे स्वस्तात काही गवसणे ही अभिमानाने सांगायची गोष्ट झाली.

आज ब्रिटनमध्ये अशी दुकाने दहा हजारांच्या आसपास आहेत. कर्करोगाच्या संशोधनापासून गावच्या रुग्णसेवेपर्यंत कोणत्या ना कोणत्या कामासाठी ती चालतात, आणि बहुतेक ठिकाणी गल्ल्यावर बिनपगारी स्वयंसेवक असतात. दुकानाच्या जागेवरच्या स्थानिक करात त्यांना ८० टक्के सूट मिळते. त्यांच्यात नुसत्या पुस्तकांचीही दुकाने निघाली, तेव्हा जुनी पुस्तके विकून पोट भरणारे दुकानदार म्हणू लागले की फुकटचा माल, फुकटचे हात आणि करात सवलत असलेल्यांशी आम्ही कसे झुंजायचे? ही तक्रार मला कुरकुर वाटत नाही. धर्माने बाजारात दुकान थाटले की शेजारच्या दुकानावर त्याची सावली पडणारच.

आपल्याकडे या दुकानांची जागा बोहारणीने भरून काढली होती. माझी आई तिच्याशी दुपारची दारात बसून तासभर घासाघीस करायची. "आणखी एक साडी टाका की, ताई" आणि "एवढ्यात मोठं पातेलं दे, नाहीतर राहू दे" यांच्या मध्ये कुठेतरी सौदा ठरे. खऱ्या जरीचा काठ असला तर बोहारीण मऊ येई, कारण जरी जाळून तिच्यातली चांदी काढता येई. या व्यवहारात दान कोणीच करत नव्हते. कपड्यांचे दात ती मोजत होती, पातेल्याची जाडी आई बोटांनी तपासत होती. मुंबई-दिल्लीत हा धंदा बव्हंशी गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजाच्या बायकांचा. दिल्लीच्या रघुबीर नगरात पहाटे त्यांचा बाजार भरतो. तिथून कपडे धुऊन, रफू होऊन, इस्त्री होऊन पुन्हा कोणाच्या तरी अंगावर जातात.

ब्रिटनच्या दुकानांत जे खपत नाही त्याचीही वाट शेवटी इकडेच येते. उरलेला माल वजनावर व्यापाऱ्यांना विकला जातो. त्यातला काही पूर्व युरोपात, बराच आफ्रिकेत आणि काही कांडला बंदरात उतरतो. वापरलेले कपडे भारतात सरसकट आणून विकायला बंधने आहेत. म्हणून लोकरी माल चिरफाळून, चिंध्या म्हणून पानिपतला जातो. चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढण्याची ही युक्ती मूळची यॉर्कशायरची. १८१३ साली बॅटली गावात बेंजामिन लॉ याने ती काढली, असे मानतात. त्या सुताला इंग्रजीत 'शॉडी' म्हणतात. हलक्या प्रतीच्या मालाला इंग्रजीने हाच शब्द लावला. यॉर्कशायरमधला तो उद्योग ओसरला आणि पानिपतात वाढला. मेघना गुप्ता यांच्या 'अनरॅव्हल' या २०१२ च्या लघु माहितीपटात तिथल्या कामगार बायका कोटांची बटणे, अस्तरे काढताना दिसतात. इतके चांगले कपडे लोक का टाकत असतील, याचा त्या विचार करतात. तिकडे पाणी फार महाग असावे, धुण्यापेक्षा टाकणे परवडत असावे, असा त्यांच्यातला एक तर्क. ऐकणाऱ्याला हसू येते. पण त्यांच्या हातातला पुरावा पाहता याहून सयुक्तिक कारण सांगणे सोपे नाही.

या सुताच्या घोंगड्या आपत्तीत वाटण्यासाठी मदतसंस्था गठ्ठ्याने घेत आल्या आहेत. म्हणजे इतका प्रवास करून कोट पुन्हा दान होतो, आणि दात मोजण्याचा हक्क पुन्हा जातो. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. कोळ्यांची घरे गेली होती, तरी कोणाचेही उतरलेले अंगावर घालायची त्यांची तयारी नव्हती. देणाऱ्यांना तो उर्मटपणा वाटला असेल. मला त्यात बॉस्टनच्या दुकानातले तेच शहाणपण दिसते. १९९९ साली दिल्लीत 'गूंज' सुरू करणाऱ्या अंशू गुप्ता यांनी ते ओळखले. विहीर खोदणे, रस्ता दुरुस्त करणे अशी गावाने स्वतः ठरवलेली कामे गावानेच करायची आणि कपडे घ्यायचे ते त्या कामाचा मोबदला म्हणून, अशी पद्धत त्यांच्या संस्थेने बसवली.

आता आपल्या शहरांतही जुन्या कपड्यांना प्रतिष्ठा येते आहे. मोबाइलवर 'थ्रिफ्ट' या नावाने ते विकले जातात, कंपन्या दुकानांत कपडे टाकायची पेटी ठेवतात, सोसायटीत वर्षातून एकदा गाडी येते. कापड वाया जाऊ नये, हे चांगलेच. मात्र त्याच सोसायटीच्या फाटकावर 'फेरीवाल्यांना प्रवेश नाही' अशी पाटी असते आणि बोहारीण बाहेरच राहते. पेटी भाव विचारत नाही आणि देतही नाही. पेटीत टाकलेली साडी कोणी निवडली, कोणी उसवली, तिला किती मिळाले, हे टाकणारीला कधी कळत नाही. बोहारणीच्या समोर बसावे लागे, आणि आपल्या टाकाऊ साडीची किंमत तिच्या तोंडून ऐकून घ्यावी लागे.