सिरका, सोडा आणि साबण : घराच्या आणि कुंड्यांच्या देखभालीत कशाला काय वापरावं

रमजान जवळ आला किंवा बकरी ईद तोंडावर आली की घराघरांत साफसफाई निघते. माळे खाली होतात, पडदे उतरतात, गुस्लखान्याच्या टाइल्स घासल्या जातात. त्याच दिवसांत मोबाइलवर घरगुती उपायांचा पाऊस पडतो. सिरका टाका, सोडा टाका, दोन्ही एकत्र टाका, फेस आला की सगळं चकाचक! यातले काही उपाय खरोखर चांगले आहेत, काही नुसते फेसाचे आहेत, आणि एक-दोन तर जिवावर बेतू शकतात. स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या वस्तू नेमक्या कुठे कामाला येतात आणि कुठे नाही, ते आम्ही इथे देत आहोत.

आधी धोक्याचं

ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र वापरू नका. दोन्ही मिसळली की क्लोरीन वायू सुटतो. आपल्याकडचे संडास-बाथरूम लहान, खिडकी नावापुरती, आणि घासणारी बाई दार लोटून आत बसलेली. अशा ठिकाणी थोडा वायूही फुफ्फुसांना इजा करतो. सिरका आणि लिंबूसुद्धा आम्लच आहेत, त्यामुळे ब्लीचसोबत तेही नकोत. काच पुसण्याच्या काही लिक्विडमध्ये अमोनिया असतो, त्याचीही ब्लीचशी गाठ घालायची नाही. "दोन्ही टाकली तर दुप्पट स्वच्छ" हा हिशेब इथे चालत नाही. एक वापरलं, भरपूर पाण्याने धुतलं, दुसरं लागलंच तर दुसऱ्या दिवशी.

चुकून मिसळलंच, डोळे चुरचुरायला लागले, खोकला आला, तर हातातलं तिथेच टाकून बाहेर मोकळ्या हवेत या. बादली ओतून टाकायला परत आत जाऊ नका. श्वास लागत असेल तर 108 ला फोन करा.

दुसरी गोष्ट बाटल्यांची. सुटं ॲसिड, फिनाइल किंवा ब्लीच थंड पेयाच्या नाहीतर पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवायची सवय अनेक घरांत आहे. ईदला घरात पाहुण्यांची मुलं असतात, त्यांना काय माहीत कुठल्या बाटलीत काय! मूळ बाटलीतच ठेवा, तीही वरच्या फळीवर. एखाद्या मुलाने घोट घेतलाच तर उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका. जाळणारी वस्तू वर येताना गळा पुन्हा जाळते. तोंड धुवा आणि ती बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

सिरका कुठे, कुठे नाही

सिरका आपल्या दस्तरखानाला नवा नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याला चांगलं सालन म्हटल्याचं सहीह मुस्लिममध्ये आलं आहे. साफसफाईला मात्र दुकानातला स्वस्त पांढरा सिरका पुरे. त्यात साधारण 4 ते 5 टक्के ॲसेटिक ॲसिड असतं आणि त्याचं खरं काम एकच, खाऱ्या पाण्याचा पांढरा थर विरघळवणं. बोअरवेलचं पाणी असलेल्या घरात वुजूच्या नळाला, शॉवरच्या जाळीला, बादलीच्या काठाला हा थर हमखास धरतो. निम्मा सिरका आणि निम्मं पाणी घेऊन त्यात कापड बुडवा, नळाला गुंडाळा, अर्ध्या तासाने जुन्या टूथब्रशने घासून साध्या पाण्याने धुवा. नळावर मुलामा असेल तर अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नका. केटलीत हेच मिश्रण उकळून थोडा वेळ ठेवायचं, मग नुसतं पाणी दोनदा उकळून फेकायचं.

पण शहाबादी फरशी, कोटा, कडप्पा आणि संगमरवर यांना सिरका किंवा लिंबू लावू नका. हे चारही दगड मुळात चुन्याचेच. जे आम्ल नळावरचा थर खातं, तेच या फरशीची चकाकीही खातं. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू कापून ठेवलं की तिथे फिका डाग उमटतो, तो डाग नसतो, दगडच झिजलेला असतो. अशा फरशीला थोडा भांड्याचा साबण आणि पाणी, बस.

सोडा, आणि तो प्रसिद्ध फेस

खाण्याचा सोडा सौम्य आणि किंचित खरखरीत असतो. सिंक, फ्रिजचे कप्पे, चहाच्या कपातले तपकिरी डाग ओल्या सोड्याने चोळले की निघतात. करपलेल्या स्टीलच्या पातेल्यात करपलेला भाग बुडेल इतकं पाणी आणि दोन चमचे सोडा घालून दहा मिनिटं उकळा, रात्रभर ठेवा, सकाळी लाकडी उलथन्याने खरवडा. मात्र बिर्याणीची मोठी देगची बहुतेकदा ॲल्युमिनियमची असते, ती सोड्याने काळी पडते. तिला उलट आंबट मानवतं. पिळलेल्या लिंबाची सालं घालून पाणी उकळलं की काळेपणा उतरतो.

सिरका आणि सोडा एकत्र केले की जो फेस येतो तो कार्बन डायऑक्साइड. फेस बसला की मागे जवळजवळ खारं पाणीच उरतं, कारण आम्ल आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात. तुंबलेल्या सिंकमध्ये हा खेळ करून विशेष काही होत नाही. तिथे अडकलेली असते ती चरबी. तिला गरम पाणी आणि भांड्याचा साबण लागतो, आणि पाइप प्लॅस्टिकचा असेल तर पाणी उकळतं नको. त्याहून सोपं म्हणजे देगचीतलं तेल-तूप धुण्याआधी रद्दी कागदाने पुसून काढायचं.

कुर्बानीनंतर

इथे क्रम चुकला की मेहनत दुप्पट होते. आधी रक्त, मग चरबी. रक्ताला थंड पाणी. गरम पाण्याने रक्तातलं प्रथिन शिजतं आणि डाग कापडात पक्का बसतो. कपडे थंड पाण्यात मूठभर मीठ घालून भिजवा, मग साबण लावा. फरशी, पाट आणि सुऱ्याही आधी थंड पाण्याने धुवा, त्यानंतर गरम पाणी आणि साबणाने तेलकटपणा काढा. वास उरतो तो बहुतेकदा मोरीच्या जाळीखाली, ती उचलून घासल्याशिवाय कितीही अगरबत्त्या लावा, उपयोग नाही.

कपाटातलं थोडं. अत्तर तेलकट असतं, पांढऱ्या कुर्त्यावर डाग पडला तर धुण्याआधी त्यावर भांड्याच्या साबणाचा थेंब चोळा. डाग असताना इस्त्री फिरवू नका, तो पक्का होतो. डांबर गोळ्यांमध्ये ठेवलेले कपडे तान्ह्या बाळाला घालू नका. जी6पीडी नावाच्या द्रव्याची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांमध्ये नॅफ्थलीनमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. बाळाला ही कमतरता आहे की नाही हे घरच्यांना बहुधा माहीतच नसतं.

कुंड्या आणि गॅलरी

वुजूच्या पाण्यात साबण नसतो, म्हणून झाडांना ते अगदी योग्य. प्रेषितांचा (स.) वुजू एका मुदमध्ये होत असे, असं बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. मुद म्हणजे दोन्ही हातांच्या ओंजळीचं माप, आजच्या हिशेबाने लिटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. आपण नळ सोडून त्याच्या कितीतरी पट पाणी घालवतो. बेसिनमध्ये तसराळं ठेवलं तर घरातल्या चार-पाच माणसांच्या वुजूत गॅलरीतल्या कुंड्या सहज भिजतात. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणीही चालेल, मीठ घातलेलं मात्र नको. मटण-मासे धुतलेलं पाणी काही जण गुलाबाला घालतात. अंगणात एकवेळ ठीक, पण गॅलरीतल्या कुंडीत माश्या, मुंग्या आणि शेजारची मांजर, तिघंही हजर होतात.

जास्वंदीवर पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण किंवा कोवळ्या शेंड्यावर मावा आला तर लिटरभर पाण्यात चहाचा एक चमचा कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या लिक्विड साबणाचे काही थेंब टाकून जोरात हलवा. साबण नसेल तर तेल वर तरंगत राहतं. आधी एका पानावर मारून दुसऱ्या दिवशी बघा, मग संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा. उन्हात फवारलं तर पानं करपतात. जो किडा भिजतो तोच मरतो, म्हणून आठवड्याने पुन्हा करावं लागतं. कपडे धुण्याची पावडर या कामाला नको. मुंग्यांची रांग दिसली तर मावा शोधाच, त्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याला सांभाळतात.

तण मारायला मीठ किंवा सिरका ओतू नका. मीठ मातीत साठून राहतं आणि तिथे पुढे तुम्हाला हवं तेही उगवत नाही. चहाचा चोथा दूध-साखर धुवून, वाळवूनच घाला. अंड्याची टरफलं इतकी सावकाश कुजतात की त्यांच्यावर भरवसा नको, घालायचीच तर कुटून घाला.

पुदिना विकत घेता तेव्हा पानं खुडून जाड काड्या फेकू नका. खालची पानं काढून पाण्यात उभ्या केल्या की आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात, मग कुंडीत लावा.

आता पाणी साठण्याचं. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. कुंडीखालची थाळी, मनी प्लांटची बाटली, वुजूसाठी भरून ठेवलेलं पिंप, ही सगळी त्याची घरं. म्हणून महापालिका आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगते. नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही, अंडी काठाला चिकटतात आणि कोरडी होऊनही महिनोन्‌महिने टिकतात. थाळी आणि पिंप आतून घासणीने घासावी लागतात. जुम्म्याला तसंही सगळ्यांची गुस्लची गडबड असते, त्याच सकाळी हे काम उरकता येतं.