टोपातला केस कुणाचा?

दोन वर्षांपूर्वी केमोथेरपीत ताईचे केस गेले, तेव्हा रोज वापरण्यासाठी मी तिला एक टोप आणून दिला. 'खरे केस, उत्तम दर्जा' असे दुकानदाराने सांगितले होते. चार-पाच वेळा धुतल्यावर त्याच्या जटा झाल्या. पदवी नसली तरी जुनी कागदपत्रे चाळण्याची खोड मला आहेच. 'उत्तम दर्जा' म्हणजे नेमके काय, याच्या मागे लागले.

उत्तर केसाच्या दिशेत सापडले. केसावर सूक्ष्म खवले असतात आणि त्यांची टोके मुळाकडून शेंड्याकडे वळलेली असतात. एकगठ्ठा कापलेल्या केसांत ही दिशा राखता येते. व्यापारात अशा केसांना 'रेमी' म्हणतात. फणीत निघालेल्या गुंतवळात मात्र मुळे आणि शेंडे मिसळतात, खवले एकमेकांत अडकतात. म्हणून आम्लाने खवले काढून वर सिलिकॉनचा मुलामा देतात. धुण्यागणिक तो उतरतो आणि केस पुन्हा गुंततात. आमच्या टोपाचे बहुधा हेच झाले असावे. लहानपणी आई गुंतवळ कोनाड्यात साठवी आणि दारावर येणाऱ्या बाईला देऊन सुया-पिना घेई. ते पुढे कुठे जाते, हे आम्ही कधी विचारले नाही.

दिशा राखलेल्या लांब केसांचा एक मोठा स्रोत म्हणजे तिरुमला. तिरुपतीला केस देणे मराठी घरांनाही नवे नाही. कल्याणकट्ट्यात भाविक मुंडन करतात आणि देवस्थान ते केस लिलावाने विकते. देणारीच्या लेखी तो नवस असतो; पुढे त्याचा माल होतो.

२००४ मध्ये हाच नवस दूरच्या एका समाजात वादाचा विषय झाला. कर्मठ ज्यू परंपरेत विवाहित स्त्रिया केस झाकतात. त्यासाठी अनेकजणी रोज टोप घालतात. त्याला यिडिश भाषेत 'शाइटल' म्हणतात. मूर्तिपूजेत अर्पिलेल्या वस्तूचा लाभ घेणे त्यांच्या धर्मशास्त्राला निषिद्ध आहे. मग तिरुमलाचे मुंडन हे अर्पण मानायचे की नाही? हे पाहण्यासाठी लंडनचे रब्बी अहरोन डोव्हिड डनर तिथे आले. त्यानंतर मे महिन्यात जेरुसलेमच्या रब्बी योसेफ शालोम एल्याशिव यांनी असे टोप निषिद्ध ठरवले. सगळ्या रब्बींना हे पटले नाही. तरी ब्रुकलिनच्या रस्त्यांवर महागडे टोप जाळले गेले.

त्या निर्णयाशी मी सहमत नाही. आपल्याकडच्या एखादीने श्रद्धेने दिलेले केस असे जळताना पाहणे कठीणच. पण केस कुठून आला, हा प्रश्न त्या बायकांनी विचारला. मी दुकानात रंग विचारला, भाव विचारला. तेवढे मात्र राहिले.

दुसऱ्या वेळी तेच आधी विचारले. दुकानदारालाही गाव सांगता आले नाही, पण केस एकगठ्ठा कापलेले होते. चिमूटभर केस शेंड्याकडून मुळाकडे बोटांनी चोळून पाहिले. किंचित खरखर लागली, म्हणजे खवले शाबूत होते. तो टोप ताई दहाबारा वापरांनंतर कोमट पाण्यात, न चोळता धुते, सावलीत वाळवते आणि रुंद दातांच्या फणीने शेंड्यांपासून वर विंचरते. जाळीतल्या गाठी सैल पडू नयेत म्हणून मुळांशी तेल किंवा कंडिशनर लावत नाही.

परवा विंचरताना ती म्हणाली, "जिने दिलेत, तिचा नवस फळला असेल ना गं?"

एवढ्या कागदांत याचे उत्तर मला मिळालेले नाही.