बंदुकीवर नाव कोणाचं?

शाळेतला लॉर्ड रिपन आठवतोय का? १८८२ चा स्थानिक स्वराज्याचा ठराव, हंटर कमिशन वगैरे वगैरे... तर त्या व्हाइसरॉयसाहेबांचे चिरंजीव वेगळ्याच कारणासाठी प्रसिद्ध होते. दुसरे मार्क्वेस ऑफ रिपन म्हणजे त्या काळच्या इंग्लंडमधले पट्टीचे नेमबाज. १८६७ पासून त्यांनी मारलेल्या पशुपक्ष्यांचा आकडा साडेपाच लाखांच्या वर जातो! २२ सप्टेंबर १९२३ ला यॉर्कशरच्या माळरानावर शिकार करतानाच ते गेले.

एका माणसाला एवढं जमतं कसं? तर तीन बंदुका आणि दोन नोकर. हाकारे झाडी बडवून पक्षी उडवणार. साहेब एक बंदूक झाडणार, दुसरी भरून तयार, तिसरीत काडतुसं भरणं चालू. आपल्या भाषेत पाइपलाइनिंग! बंदुका लंडनच्या पर्डी कंपनीच्या, दुनळी, बाहेर घोडे असलेल्या. असे जोड नि तिकड्या एकाच मापाच्या बनवत आणि त्यांवर १, २, ३ असे आकडे घालत.

आज अशा बंदुका लिलावात येतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, कोणाची होती? प्रत्येकीवर अनुक्रमांक असतो. कारखान्याच्या जुन्या वहीत तो नंबर सापडला की समोर गिऱ्हाईकाचं नाव मिळतं. ते एखाद्या ड्यूकचं किंवा महाराजांचं निघालं तर विचारायलाच नको, त्या नावाचे पैसे वेगळे.

पण बनवली कोणी?

फ्रेडरिक बीझली हा पर्डीकडे काम केलेला कारागीर. बाहेर पडून त्याने स्वतःचा धंदा काढला आणि १८८० मध्ये एका यंत्रणेचं पेटंट घेतलं. बंदूक मिटताना आतल्या कमानी दाबल्या जातात आणि बार उडाल्यावरही त्यांच्यात थोडा जोर शिल्लक राहतो. खटका सरकवला की त्या जोरावर बंदूक आपोआप उघडते. मिटताना थोडा दम लागतो, पण पुढचं काडतूस झटकन भरता येतं. त्याच वर्षी त्याने हे हक्क पर्डीला विकले. ही रचना पर्डी आजही वापरते. जग तिला म्हणतं ‘पर्डी अ‍ॅक्शन’. बीझलीचं नाव जाणकारांनाच ठाऊक.

कायद्याने यात काही चूक नाही. हक्क विकले, पैसे मिळाले, विषय संपला. आपणही नोकरीच्या करारावर सही करताना तेच करतो की. तरी मला हा हिशेब खटकतो. गोळी झाडणाऱ्याच्या नावाने किंमत वाढते, कमान घडवणाऱ्याच्या नावाने फारशी नाही.

एक गोष्ट मात्र मला फार आवडली. ते कारागीर कधीकधी आपली आद्याक्षरं आतल्या भागांवर ठोकून ठेवत. बाहेरून काही दिसत नाही. बंदूक खोलणाऱ्यालाच ती सापडतात.

कोडमधल्या कॉमेंटखाली आपलं नाव टाकून ठेवणाऱ्यांना यातलं सुख वेगळं सांगायला नको :)