स्लाइड, पट्टी आणि कल्हईचा व्हिडिओ

टॉकीजमध्ये मध्यंतर झालं की पडद्यावर आधी सरकारी सूचना यायची आणि मग बाजारपेठेतली दुकानं एकेक करून यायची. आजोबांच्या भांड्यांच्या दुकानाची स्लाइडही त्यात असे. काळ्यावर पांढरी अक्षरं, कोपऱ्यात एक घागर, आणि खाली ‘तांब्यापितळेची भांडी योग्य दरात मिळतील, मोड घेतली जाईल’. ही स्लाइड म्हणजे तळहाताएवढी काच. पेंटर तिच्यावर काळा रंग चढवायचा, तो वाळला की टोकदार सळईने अक्षरं खरवडायचा, मागून लाल-पिवळा जिलेटिनचा कागद लावायचा, वर दुसरी काच ठेवून कडा कागदी पट्टीने चिकटवून टाकायचा. भाडं महिन्यावर. सिनेमे बदलत, काच तीच राही. सातारा-सांगलीकडच्या जत्रांत तंबूतले टुरिंग टॉकीज लागत, तिथे खेळाआधी भोंग्यावरून दुकानाचं नाव पुकारलं जाई.

आता दुकान मी बघते आणि दुकानाचं यूट्यूब चॅनल मीच चालवते. बाजारातले लोक म्हणतात, मोबाइल आला आणि हे सुरू झालं. मला ते पटत नाही. पडद्यावरून धंदा सांगण्याची आपल्याकडे दोन घराणी आहेत. एक स्लाइडचं. दुसरं त्याहून जुनं, आणि आमचं चॅनल त्या दुसऱ्या घराण्यातलं आहे.

आधी पहिल्याचं सांगते. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, 1976 पासून त्यावर जाहिराती आल्या. पण त्या साबणवाल्या कंपन्यांच्या. तालुक्याच्या दुकानदाराला तो दर झेपण्यातला नव्हता. त्याला टीव्ही मिळाला तो 1991 नंतर, गल्लोगल्ली केबल आली तेव्हा. केबलवाला दुपारी स्वतःच्या चॅनलवर व्हिसीआरवरून सिनेमा लावायचा आणि खाली जाहिरातींची पट्टी सरकत राहायची. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, आधी पट्टी दिली, मग लग्नाचं शूटिंग करणाऱ्याला बोलावून आख्खी जाहिरात काढली. शोरूमच्या पाटीपासून कॅमेरा आत यायचा, स्टीलच्या डब्यांच्या उतरंडीवरून फिरायचा, आणि भारदस्त आवाजात ‘एकदा अवश्य भेट द्या’. हे सगळं मनापासून केलेलं होतं, आणि सणासुदीला त्याने गिऱ्हाईक आलंही. पण स्लाइड काय, पट्टी काय, दोन्ही दुसऱ्याने जमवलेल्या गर्दीपुढे उभ्या राहायच्या. लोक आलेले असत सिनेमासाठी. दुकानदार त्या गर्दीचा थोडा वेळ विकत घ्यायचा, एवढंच.

दुसरं घराणं दादासाहेब फाळक्यांपर्यंत नेता येतं. 1912 साली ते लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. चित्रपट काढायचा तर भांडवल हवं, आणि या नव्या धंद्यावर विश्वास कोण ठेवणार? दादरच्या घरी त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि महिन्याहून जास्त काळ रोज थोडं थोडं चित्रण करत राहिले. ‘अंकुराची वाढ’ पडद्यावर आली तेव्हा महिन्याभराची वाढ मिनिटभरात उलगडत होती. दाणा फुटतो, कोंब वर येतो, वेल धरते. ते पाहून फोटोच्या सामानाचा व्यापार करणाऱ्या यशवंतराव नाडकर्णींनी कर्ज दिलं. 3 मे 1913 ला कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. सगळे त्या तारखेचं नाव काढतात. धंदा करणाऱ्याने मात्र त्या कुंडीपाशी जास्त वेळ थांबावं असं मला वाटतं. फाळक्यांनी सावकाराला अंदाजपत्रक वाचून दाखवलं नाही, आपली कारागिरी तिचं काम करताना दाखवली. पुढे 1917 मध्ये त्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ या नावाचाच एक लघुपट काढला. आपल्या कारखान्याची आतली बाजू लोकांना उघडून दाखवायला या माणसाला संकोच नव्हता.

जत्रेत किसणी विकणारा तरी वेगळं काय करतो? तो दर नंतर सांगतो, आधी गाजर किसतो.

यूट्यूब 2005 मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत युटाहमधल्या ओरेम गावी या घराण्याची एक शाखा फुटली. ब्लेंडटेक नावाची मिक्सर करणारी कंपनी होती, सामान्य घरांत तिचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. तिचे संस्थापक टॉम डिक्सन मिक्सरची ताकद तपासायला त्यात लाकडाचे तुकडे घालून बघत. जॉर्ज राइट नावाच्या मार्केटिंगवाल्याने जमिनीवर पडलेला भुसा पाहिला, चौकशी केली आणि ठरवलं, हेच चित्रित करायचं. काचेच्या गोट्या, बागेतलं दंताळं, पुढे 2007 मध्ये नवाकोरा आयफोन, सगळं मिक्सरमध्ये गेलं. दुसरी शाखा मला अधिक जवळची: मिझुरी राज्यातलं हॅमिल्टन, दोन हजारांच्या आतली वस्ती. तिथे 2008 मध्ये मुलांनी आई जेनी डोन यांना गोधडी शिवायचं मोठं मशीन घेऊन दिलं. पुढच्या वर्षापासून जेनीबाई व्हिडिओतून गोधडी शिकवू लागल्या, आणि ओस पडत चाललेल्या त्या गावात कापडाच्या दुकानांची रांग उभी राहिली. त्या कापड घ्या म्हणत नाहीत, तुकडे कसे जोडायचे ते सांगतात. आपल्याकडे मधुरा बाचल यांनी 2009 पासून आधी रांधून दाखवलं, त्यांच्या नावाचा मसाला मागाहून आला.

दोन गोष्टींनी हे घराणं आमच्यापर्यंत पोचवलं. 2012 मध्ये यूट्यूबने व्हिडिओ किती जणांनी उघडला यापेक्षा तो किती वेळ पाहिला याला वजन दिलं. त्यामुळे पाटी आणि फोन नंबर दाखवून संपणारी जाहिरात मागे पडली, काम सावकाश दाखवणारा पुढे आला. आणि सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, नेट स्वस्त झालं. त्याआधी गावाकडे दहा मिनिटांचा व्हिडिओ बघणं ही चैन होती.

आमच्या चॅनलवर मीही सुरुवातीला दिवाळीची सूट वगैरे टाकत होते. खरा जम बसला तो कल्हईने. आमच्या बाजारात जुने कल्हईवाले चाचा आहेत. परात आधी राखेने आणि चिंचेने स्वच्छ घासलेली असते. चाचा ती सांडशीत धरून भट्टीवर फिरवत राहतात, मुलगा भाता चालवतो. पुरेशी तापली की चिमूटभर नवसागर टाकतात, पांढरा धूर उठतो आणि नाकाला झोंबतो. तांब्यावरचा काळा थर नवसागराने सुटतो. लगेच कथलाची कांडी टेकवायची. कथील 232 अंशांना वितळतं, म्हणजे या आचेला ते क्षणात पाघळतं. कापसाच्या बोळ्याने ते भराभर पसरवायचं, हात थांबला की डाग पडलाच. तांबडी परात बघता बघता रुपेरी होते. शेवटी पाण्यात बुडवली की चर्र आवाज.

हा व्हिडिओ मी संगीत न घालता, न कापता ठेवला. त्यात दुकानाचा पत्ता कुठेही बोललेला नाही, खाली नुसता लिहिलेला आहे. फोन येऊ लागले ते पुण्या-मुंबईहून, आणि एक अमेरिकेतून. ‘आईचं पितळी पातेलं माळ्यावर आहे, वापरता येईल का?’ ‘बिनकल्हईच्या भांड्यात ताक का कळकतं?’ एक बाई विचारत होत्या, बंबाची राख कुठून काढतात. मी प्रत्येकाला उत्तर देते. आंबट पदार्थाने तांब्यापितळेचे क्षार अन्नात उतरतात, कथलाचा थर ते अडवतो, तो झिजला की पुन्हा कल्हई हवी. ज्यांना हे समजलं त्यांच्यातलेच पुढे ठोक्याचं पातेलं मागवतात. ज्यांनी नुसतीच माहिती घेतली त्यांचं माळ्यावरचं भांडं तरी मोडीत जाण्यापासून वाचलं, आणि ते मला विक्रीइतकंच मोलाचं वाटतं.

स्टील आल्यावर आमच्या भागातल्या कल्हईच्या भट्ट्या एकामागून एक विझल्या. चाचांकडे आता कुरियरने भांडी येतात. त्यांच्या मुलाने रिक्षा घ्यायचं ठरवलं होतं, तो सध्या भट्टीवरच आहे. पेंटरने खरवडलेली आजोबांची काच आमच्याकडे उरलेली नाही. पुढचं चित्रण पुण्याच्या तांबट आळीत करायचं आहे, मठाराचं, म्हणजे भांड्यावर ठोके पाडायच्या कामाचं. तिथे एका कारागिराशी बोलणी झाली आहेत. त्यांची अट एवढीच की हातोडीचा आवाज बंद करून त्यावर गाणं लावायचं नाही.